चोर बाजारातलं पान आणि झाशीचा वेढा

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून फ्रेम काखोटीला मारून मी घरी आलो तेव्हा खुशीत होतो. साडेतीन हजार गेले होते, पण १८५८ सालचं वर्तमानपत्राचं पान मिळालं होतं. झाशीच्या वेढ्याची बातमी आणि किल्ल्याचं चित्र. दुकानदार पाच मागत होता. "अंकल, ओरिजिनल है, लंडन का पेपर. ऐसा पीस दुबारा नहीं आयेगा." संध्याकाळ होत आलेली, दुकानातला बल्ब पिवळा, वर काच. मी घासाघीस केली आणि त्यातच समाधान मानलं.

रात्री जेवण झाल्यावर फ्रेम मागून उघडली, भिंग घेतलं आणि पान टेबललॅम्पखाली धरलं. आमचं भिंग म्हणजे कापडाचे धागे मोजायचं ते घडीचं. छापखान्यातली माणसं ठिपके बघायला तेच वापरतात. चाळीस वर्षं ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं, आणि नेमकं त्या दिवशी घरी राहिलं होतं.

कागदाच्या कडेचा तो सुंदर तपकिरी डाग, ज्याच्यावर मी भुललो होतो, तो ठिपक्यांचा निघाला. पिवळे, मॅजेंटा, निळे, काळे ठिपके, एकमेकांभोवती पाकळ्यांसारखे रचलेले. म्हणजे चार रंगांची ऑफसेट छपाई. १८५८ साली ऑफसेट नव्हतं आणि ठिपक्यांचा ब्लॉकही नव्हता. तेव्हाच्या सचित्र साप्ताहिकात चित्र लाकडावर कोरत. बॉक्सवुड नावाचं कठीण लाकूड असतं, त्याचे लहान लहान तुकडे. मोठं चित्र असलं की ठोकळे वेगवेगळ्या कोरक्यांना वाटून द्यायचे आणि मग बोल्टने जोडायचे. नीट पाहिलं तर सांध्यांच्या जागी पांढरी रेघ दिसते. माझ्या पानातही ती रेघ होती, कारण मूळ चित्रात होती. पण तीसुद्धा ठिपक्यांत.

शेवटची खात्री म्हणून पान उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी, छापलेला जुना कागद मागून हाताला लागतो. अक्षर कागदात रुतलेलं असतं, पाठीवर त्याचा उठाव येतो. डोळे मिटून सांगता येतं. इथे पाठ साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत.

बायको म्हणाली, "दुसऱ्याला लेक्चर देता ना, कागद आधी हातात घ्यावा म्हणून?" यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पैसे पाण्यात गेले तर निदान मजकूर तरी वाचू, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो. चित्र फारच गमतीचं होतं. किल्ल्याच्या पायथ्याशी चक्क माडाची झाडं! झाशीत माड? लंडनमधल्या कोरक्याने हिंदुस्तान म्हटल्यावर हात सैल सोडला असावा. मजकूर मात्र माड लावणाऱ्याचा नव्हता. वेढा घालून बसलेल्या फौजेच्या तळावरून कोणा अधिकाऱ्याने लिहिलेलं ते पत्र होतं, आणि त्याच्या खाली बारीक टायपात छापलं होतं की हे मुंबईच्या पत्रातून घेतलं आहे.

तिथे मी अडकलो. आपण लंडनचं म्हणून जे विकत घेतलं ते मुळात आपल्याच गावात, फोर्टातल्या कुठल्या तरी छापखान्यात, खिळा खिळा लावून आधी छापलं गेलं होतं. मग मूळ पान इथेच कुठे तरी असणार.

पुढचे चार महिने यात गेले. निवृत्त माणसाकडे वेळ असतो असं सगळे म्हणतात, आणि या बाबतीत ते खरं आहे.

सुरुवात पुतण्याने लॅपटॉपवर करून दिली. जुनी वृत्तपत्रं स्कॅन करून पैसे घेऊन वाचायला देणाऱ्या साइट आहेत. त्याने झाशीचं आजचं इंग्रजी स्पेलिंग टाकलं आणि म्हणाला, "काका, फारसं काही नाही." मला हसू आलं. १८५८ साली कंपोझिटरला कोण सांगणार होतं की गावाचं नाव असंच लिहायचं! शेवटी कधी नुसता 'आय', कधी 'आय-ई', कधी दोन 'ई'. राणीच्या शेवटीही दोन 'ई'. तात्याचा 'तांतिया' झालेला, टोपे कधी 'टोपी'. त्यात भर म्हणजे मशीन जुनं छापील पान वाचताना झिजलेल्या 'ई'ला 'सी' समजतं. मी त्याला चुकीच्या स्पेलिंगांची यादीच करून दिली, अगदी मुद्रितशोधकाने उलटं काम करावं तशी. मग पानंच्या पानं यायला लागली. पण ती बरीचशी विलायतेतली, म्हणजे उचललेलीच. मुंबईचा मूळ अंक हवा तर ग्रंथालयाची पायरी चढणं भाग होतं.

ग्रंथालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी मला मदत केली आहे, आणि जे वाईट पाहिलं त्याला आज तिथे असलेलं कोणीही जबाबदार नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काका, तुम्ही संशोधक का?"

"नाही, छापखानेवाला."

"मग कुठल्या तरी संस्थेचं पत्र लागेल."

पत्रासाठी माझं एक जुनं गिऱ्हाईक कामाला आलं. निवृत्त प्राध्यापक. त्यांचा प्रबंध मी १९८९ साली छापला होता आणि चुकीचे दोन फर्मे पदरमोड करून परत छापून दिले होते. त्यांच्या कॉलेजचं पत्र, आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, अर्ज, सही राहिली म्हणून पुन्हा अर्ज. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मागणीची चिठ्ठी भरली, ती तिथले शिपाई मामा आत घेऊन गेले, अर्ध्या तासाने हात हलवत आले. मूळ खंड नाजूक आहे, मायक्रोफिल्म बघा. मायक्रोफिल्मच्या मशीनचा बल्ब गेलेला. तो बल्ब आता कुठे मिळत नाही, मागवलाय. तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत मी घरचा अभ्यास केला, आणि बरं झालं केला. नाही तर पुढे काय वाचतोय ते कळलंच नसतं.

झाशीला वेढा घालणारा इंग्रज सेनापती सर ह्यू रोज याची फौज मुख्यतः मुंबई इलाख्याची होती. ६ जानेवारी १८५८ला तो महूहून निघाला, राहतगडचा किल्ला घेतला, सागरची सुटका केली आणि २१ मार्चला झाशीपुढे येऊन ठाकला. योगायोग असा की त्याच २१ मार्चला तिकडे लखनौ पुरतं इंग्रजांच्या हातात गेलं. लंडनच्या टाइम्सचा गाजलेला युद्धवार्ताहर रसेल तेव्हा हिंदुस्तानातच होता, पण लखनौच्या फौजेबरोबर. म्हणजे झाशीला मोठा वार्ताहर कोणी नाही. झाशीची बातमी कोण देणार? फौजेतले अधिकारी आणि डॉक्टर. ते मित्रांना, घरच्यांना, संपादकांना पत्रं लिहीत. पत्रं मुंबईला येत, इथल्या पत्रांत बहुधा नाव न देता छापली जात, आणि मग बोटीने सुएझमार्गे महिन्याभराने विलायतेला पोचत. हिंदुस्तान ते विलायत अशी थेट तार तेव्हा नव्हती, ती आली १८६५ साली. त्यामुळे लंडनच्या संपादकाला झाशीचं काही छापायचं तर मुंबईचे अंक फाडण्यावाचून इलाज नव्हता.

आणि मुंबईची पत्रं तरी कशा अवस्थेत होती? जून १८५७पासून वर्षभराचा कायदा लागू. सरकारी परवान्याशिवाय छापखाना चालवायचा नाही, सरकारला न रुचणारं छापलं तर परवाना रद्द. बॉम्बे टाइम्सचा संपादक डॉ. बुइस्ट बंडाच्या काळात एतद्देशीयांविरुद्ध इतकं विखारी लिहू लागला की हिंदी भागधारकांनीच त्याला १८५७च्या अखेरीस घालवला आणि रॉबर्ट नाइटला बसवलं. (याच पत्राचं पुढे १८६१मध्ये टाइम्स ऑफ इंडिया झालं.) म्हणजे मी शोधत होतो ते अंक नव्या संपादकाच्या अगदी पहिल्या महिन्यांतले. छापखानेवाला म्हणून मला परवान्याचं जास्त लागलं. आणीबाणीत मी एका छापखान्यात उमेदवारी करत होतो, काम शिकत होतो. तेव्हा पोलीस येऊन शेठना काय काय विचारून गेला ते आठवतं. शेठनी त्या रात्री तीन गॅल्या, म्हणजे जुळवून ठेवलेला मजकूर, सोडून खिळे खणांत टाकायला लावले होते.

बल्ब आला. फिल्मवर पान काळं आणि अक्षरं पांढरी. मूठ फिरवली की अख्खा आठवडा सर्रकन निघून जातो, परत मागे आणायचा. पहिल्या दिवशी तासाभरात मळमळायला लागलं. मामांनी सांगितलं, "पान हलत असताना बघायचं नाही, थांबल्यावर बघायचं." हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. दुसरं शिकलो ते असं की तारीख पत्राची बघायची, अंकाची नाही. दोघांत दिवसांचं नव्हे, आठवड्यांचं अंतर असतं. तार जिथवर शाबूत तिथवर घोडेस्वार, आणि तिथून तार, म्हणून निकालाची दोन ओळींची बातमी आधी येते. सविस्तर पत्रं मागून रखडत. किल्ला पडल्याचं मुंबईला ठाऊक झालं तरी वेढ्याच्या पहिल्या दिवसाचं वर्णन यायचंच असतं. सरळ वाचत गेलं तर गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे येते. म्हणून मी दोनशे पानी वही घेतली आणि दर पानावर वेढ्याचा एक एक दिवस घातला: २१ मार्च, २२ मार्च, असं ५ एप्रिलपर्यंत. जे पत्र मिळेल त्यातला तपशील त्या त्या दिवसाखाली.

आठवडाभराने वही बरीच भरली. २५ मार्चला तोफांचा मारा सुरू. ऊन असं की तंबूत बसवत नाही. तटाचा दगड ग्रॅनाइटचा, जाडी सोळा ते वीस फूट, गोळा आपटून परत येतो. किल्ल्यातल्या गोलंदाजांचा नेम चांगला आहे, हे शत्रूनेच कबूल केलेलं. एक बुरूज गप्प केला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला लागतो. तटावर बायका दारूगोळा वाहताना, मोर्च्यांवर काम करताना दिसल्या, हे तर सर ह्यू रोजच्या सरकारी अहवालातही आहे. १ एप्रिलला बेटवेच्या काठी तात्याच्या वीसेक हजारांना रोजने जेमतेम पंधराशे माणसांनिशी मोडलं, आणि तेही झाशीचा वेढा न उठवता. ३ एप्रिलला सुलतानढवा, म्हणजे तटावर निकराचा हल्ला. शिड्या लावल्या त्यातल्या काही तोकड्या पडल्या, काही माणसांच्या वजनाने मोडल्या.

वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. लिहिणारे गडी निर्भीड आणि बारीक नजरेचे होते. पण दहाव्या-बाराव्या दिवशी मशीन बंद करून खाली हॉर्निमन सर्कलच्या बाकावर चहा घेत बसलो होतो, तेव्हा वही चाळताना एक गोष्ट खटकली. यातलं एकही वाक्य किल्ल्यातून लिहिलेलं नाही. ज्याला आपण वेढ्यातल्या किल्ल्याची प्रत्यक्ष बातमी म्हणतो ती सगळी भिंतीच्या या बाजूची. बायका 'दिसल्या'. आतून आरोळ्या 'ऐकू आल्या'. धूर 'निघाला'. कशाचा निघाला, कोणाच्या घराचा, ते नाही. इतिहासात आकडे येतात तेसुद्धा तसेच: इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून ३४३, त्यात अधिकारी ३६. पलीकडचे अंदाजे ५०००. एका बाजूला शेवटचे तीन मोजलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूला शून्यं लावलेली.

आतलं लिहिणारा एक माणूस होता, आणि तो आमच्या रायगडातला. माझं आजोळ पेणचं. वरसई तिथून जवळ. वरसईचे विष्णुभट गोडसे, कर्ज फेडायला पैसा हवा म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढंच डोक्यात. ते निघाले १८५७च्या मार्चमध्ये. याहून वाईट मुहूर्त कोणा भिक्षुकाला लागला नसेल. फिरत फिरत झाशीला पोचले, राणीच्या आश्रयाला राहिले आणि वेढ्यात सापडले. 'माझा प्रवास' शाळेत असताना आजोबांनी वाचून दाखवलं होतं. तेव्हा मला फक्त लाडू-पंक्ती आठवत राहिल्या.

आता मी पोथीसारखं घेऊन बसलो. त्यातही एक भानगड आहे. गोडशांनी लिहिलं ते घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. छापलं चिंतामणराव वैद्यांनी, १९०७मध्ये, तोवर इंग्रजांची भीती होतीच. आणि वैद्यांनी भाषेवर, मजकुरावर बराच हात फिरवला. गोडशांचा मूळ मजकूर जसाच्या तसा दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, संपादक नावाच्या प्राण्याविषयी बरंच कळतं. मी आयुष्यभर लेखकाच्या बाजूने भांडलो, त्यामुळे मी पोतदारांची प्रत धरली.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे वर लिहिलं 'बाहेर', उजवीकडे 'आत'.

उजवी बाजू भरणं अवघड, कारण गोडसे तारखा देतात त्या तिथीने, आणि आठवणीने. बाहेरचा साहेब तारखेचा पक्का, आतला भटजी प्रसंगाचा पक्का. आमच्या वाडीतल्या गुरुजींना पंचांगाचं गणित येतं. त्यांच्यासोबत एक दुपार बसलो. शके १७८०चा गुढीपाडवा १६ मार्चला. म्हणजे झाशीत गुढ्या उतरून पाच दिवस झाले नाहीत तोच ह्यू रोज दारात. रामनवमी २४ मार्चच्या सुमारास, आणि २५ला तोफा. गुरुजी म्हणाले, "जन्माचा सुंठवडा तोंडात असेल हो लोकांच्या." हे वाक्य बातमीदाराचं नाही आणि गोडशांचंही नाही, म्हणून वहीत कंसात लिहिलं.

काही दिवस डावीकडे भरगच्च आणि उजवीकडे कोरे राहिले. काही दिवस उलट. रात्रीचे कुलपी गोळे, म्हणजे आत दारू भरलेले फुटणारे गोळे, बाहेरच्याला नुसता हिशेब आहेत, किती उडवले. आतल्या माणसाला तो आकाशातून येणारा लाल गोळा दिसतो आणि तो आपल्या अंगावर येतोय की शेजारच्या आळीवर, एवढाच प्रश्न असतो.

३१ मार्चचं पान मात्र दोन्हीकडे भरलं. तात्या आला. रात्री टेकडीवर प्रचंड होळी पेटवून त्याने खूण केली. बाहेरच्याने आग पाहिली आणि आतून उठलेला जल्लोष, सलामीच्या तोफा ऐकल्या. आतल्याने तीच आग पाहिली आणि शहराचा जीव भांड्यात पडला. एकच ज्वाळा, दोन बाजूंनी पाहिलेली, मध्ये माझी पेन्सिलची रेघ. दुसऱ्या दिवशीच्या पानावर बाहेर विजय आहे आणि आत रडारड. त्या दोन पानांसाठी साडेतीन हजार दिले असं मी घरी सांगतो.

३ एप्रिलनंतर बाहेरचे एकदम थोडक्यात आटोपतात. शहर घेतलं, रस्त्या-रस्त्यात झुंज झाली, राणी ४ तारखेच्या रात्री निसटली, ५ला किल्ला ताब्यात. खरी लांबलचक बातमी इथून सुरू होते, आणि ती फक्त उजवीकडे आहे. लूट कशी झाली, त्याचा क्रम: आधी सोनं-नाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, शेवटी धान्य. स्वतः गोडशांची सगळी दक्षिणा गेली. राजवाड्यातल्या पुस्तकांच्या संग्रहाची धूळधाण. हस्तलिखितांचे कापडी रुमाल लोकांना हवे होते, आतली पानं नको होती. कागदवाला म्हणून हे मला घरं जळण्याइतकंच लागलं. चूक असेल, पण लागलं.

तरी डावीकडची ५ एप्रिलची बाजू मला हवी होती. किल्ल्यात पहिल्यांदा शिरलेल्या कोणाचं तरी पत्र असणार. फिल्मवर त्या सुमाराचे अंक धूसर, खंड शिवणीत घट्ट असल्याने आतला कॉलम अर्धा गिळलेला. मॅडमना दाखवलं. त्यांनी दोन दिवस विचार करून मूळ खंड काढायची परवानगी दिली. अटी: पिशवी बाहेर, पेन नाही, पाणी नाही, दोन तास, मामा शेजारी.

खंड आला तो फळीवर ठेवून, दोघांनी धरून. खाली कापडाच्या दोन उशा, म्हणजे पुठ्ठ्यावर ताण नको. मला वाटलं होतं हात लावला की चुरा होईल. तसं काही झालं नाही. १८५८चा कागद चिंध्यांचा, लाकडाच्या लगद्याचा नाही. लगदा नंतर आला, आणि त्यातल्या लिग्निनमुळे १९२०-३०ची वर्तमानपत्रं आज पापडासारखी तुटतात. त्यांच्यापुढे हा आजोबा ठणठणीत. कडा पिवळ्या, मध्ये अजून पांढरा. शिवण तेवढी दमलेली. पान उलटायचं ते वरच्या कोपऱ्यातून, तळहात आडवा खाली सरकवत, हे मामांनी करून दाखवलं. पहिलं पान उलटताना मी मुद्दाम तळहात पाठीला टेकवला. अक्षरं हाताला लागली. एका ओळीत एक 'एन' उलटा बसलेला. रात्री दोन वाजता मेणबत्तीच्या उजेडात जुळवणारा जो कोण होता, त्याला मी ओळखतो असं वाटलं. खणात 'एन'शेजारी 'यू' पडलेला असतो.

मार्च नीट गेला. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी हळू झालो. एक पान, दुसरं पान, आणि मग बोटाला शिवणीजवळ अर्ध्या इंचाची पट्टी लागली. पान नव्हतं. पट्टीची कड सरळ, एका दमात ओढलेली. फाटलेला कागद केसाळ दिसतो, ही कड ब्लेडची होती. त्याच्यापुढच्या पानावर दाब देऊन ओढलेल्या ब्लेडची हलकी रेघही होती. अजून पुढे चाळलं. अशा आणखी तीन पट्ट्या.

मामा काही बोलले नाहीत. मॅडमना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, रजिस्टर आणलं, तारीख घालून नोंद केली. "काका, कधीचं असेल हे?" मी भिंग लावलं. कापलेली कड उरलेल्या पानाइतकीच पिवळी पडलेली होती. "तुमच्या आधीचं. कदाचित माझ्या जन्माआधीचं," मी म्हटलं. त्यांना जरा हायसं वाटलं असावं.

घरी येऊन ती फ्रेम पुन्हा काढली. महिनाभर तिच्यावर माझा राग होता, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आता खिळा ठोकून हॉलमध्ये लावली. बायकोने विचारलं, खोटी आहे ना? मी म्हटलं, म्हणूनच लावली. ऑफसेटवर छापलेल्या पानासाठी कोणी ब्लेड चालवत नाही.

मागच्या महिन्यात दो टाकीकडून येताना मटण स्ट्रीटला डोकावलो. भिंग खिशात होतं. दुकानदाराने ओळखलं. "अंकल, वो फ्रेम कैसी लगी?" मी म्हटलं, छान आहे, छपाई मीही केली असती इतकी छान आहे. तो हसला, जरा ओशाळला, आणि मग आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. "आप जानकार आदमी हो. आपको ये दिखाता हूँ. रद्दी में आया था." आत इंग्रजी वर्तमानपत्राचं एक सुटं पान. झाशीचं नव्हतं, त्यात कापसाचे भाव आणि बोटींच्या वेळा होत्या. साल १८६३.

मी ते उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. अक्षरं लागली. डावी कड सरळ होती.